सैल टेपवरचं गाणं

मामा, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला की मी अजूनही आधी खांदे खाली सोडते. खांदे वर गेले की तुम्ही मागून टपली मारायचात. सासऱ्याने सुनेला असं शिकवलेलं आपल्या चाळीत कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा मला जोडाक्षरं अडायची. पुढे वाचनालयातली पुस्तकं आणून, एकेक ओळ बोटाने धरत वाचायला शिकले. आता लिहिता येतं, आणि तुम्ही नाही.

तुमचा मुलगा गेला तो उन्हाळा लग्नसराईचा होता. बँडमध्ये तुमच्यासारखा सॅक्सोफोनवाला दुसरा नव्हता. मालक दोनदा घरी येऊन गेला, पण तुम्ही एकाही वरातीला गेला नाहीत. सॅक्सोफोनची पेटी कॉटखाली सरकवलीत ती तशीच राहिली. ह्यांची एक इंग्रजी गाण्याची कॅसेट होती. संथ, प्रेमाचं, जुनं गाणं. सातपूरच्या कंपनीतून आले की हात धुवायच्या आधी ती लावायचे. शब्द ना त्यांना कळायचे ना मला. तुमच्या मागे लागायचे, दादा, एकदा हे वाजवा ना. तुम्ही म्हणायचात, ह्याच्यावर वरातीतला घोडापण पुढं जायचा नाय.

पाऊसकाळात, बँडचं काम बंद असतं तेव्हा, एका दुपारी मी भाकरी थापते आहे आणि बाहेरच्या खोलीतून तेच गाणं येतं आहे. टेपवर नाही, तुमच्या सॅक्सोफोनवर. तुम्ही थोडं टेपवर ऐकता, बटण दाबून थांबवता, मग वाजवता. एका जागी सारखे चुकता. माझ्याही नकळत मी ती जागा गुणगुणले. वाजवणं थांबलं. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "परत म्हण." मी पिठाच्या हातांनी परत म्हटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत. तुमचे वरचे दात हलायला लागले होते, माउथपीस धरला की कळ यायची. ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मला म्हणालात, "माझ्या तोंडानं हे गाणं पुरं व्हायचं नाय. तू शीक. एकदा सगळं ऐकव मला, मग मी मोकळा." मी हो म्हणाले.

टेपवरचा सूर आणि वाद्याचा सूर जुळत नव्हता. तुम्ही माउथपीस नळीच्या तोंडाला लावलेल्या बुचावरून थोडा थोडा बाहेर ओढत गेलात, सूर खाली आणत आणत टेपला मिळवलात. तुमचं म्हणणं, इंग्रज लोक थंडीत राहतात, त्यांचा आवाज खालीच असणार. मला ते पटलं. रीडची पातळ कामटी तोंडात भिजवायची, पोटातून फुंकायचं, गाल फुगवायचे नाहीत, हे सगळं मी भांडी आणि धुणं उरकून दुपारी शिकत होते. पहिले काही महिने नुसता रेडकू ओरडल्यासारखा आवाज. शेजारच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं, नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि कुणाच्या लग्नाचा बँड चाललाय. मी वाद्य खाली ठेवलं. तुम्ही खिडकीतून म्हणालात, तुमच्या म्हाताऱ्याचं जमवा बाई, आमची सून फुकट वाजवंल. काकू आत निघून गेल्या.

गाण्याच्या मध्यावर एक लांब सूर आहे. कॅसेट तिथे आली की ह्यांचे डोळे मिटायचे. मी तिथवर आले की रडू यायचं आणि सूर तुटायचा. तुम्ही एकदाच रागावलात. "रडायचं तर रड, वाजवायचं तर वाजव. दोन्हीला दम एकच लागतो, आन् तो तुझ्याकडं तेवढाच हाय." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. परत आले तर तुम्ही रीड पुसत बसला होतात. तुमचेही डोळे लाल होते.

थंडीत तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्ही हातानेच खूण केलीत, वाजव. मी वाजवलं, आणि त्याच सुरावर तुटले. तुम्ही मान हलवून म्हणालात, उद्या. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

पुढे तुमच्या नातीला, आमच्या मुलीला, गंगापूर रोडवरच्या एका दुकानात नोकरी लागली. तिने तिथून त्या गाण्याची सीडी आणली, आई, पप्पांचं गाणं. लावली, आणि मी तिला म्हणाले, हे ते नाही. चाल तीच, पण हे भराभर चाललं होतं, वरच्या सुरात, जवळजवळ खुशीत. तिने पुन्हा लावून बघितलं आणि हसायला लागली. "अगं, आपला टेपच हळू चालायचा. आतला रबरी पट्टा सैल झाला असणार त्याचा." मीही हसले. मग लक्षात आलं की ह्यांनीही कधी खरं गाणं ऐकलं नव्हतं. आपण तिघांनी मिळून सैल पट्ट्याचं गाणं जपलं होतं.

मुलगी म्हणाली, आता बरोबर शीक. मी माउथपीस आत ढकलून सीडीबरोबर वाजवून पाहिलं. दोन ओळींत थांबले. ते कुणा दुसऱ्याच्या घरातलं गाणं होतं. ती कामाला गेल्यावर मी सूर परत खाली आणला आणि आपलं वाजवलं, आपल्याच चालीने. तो लांब सूर आला, आणि न तुटता गेला. गाणं पुरं झालं. खोलीत कुणी नव्हतं.

मामा, इतकी वर्षं मी धरून चालले होते की गाणं पुरं झालं की ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येईल. त्यांच्यासाठीच तर शिकले होते. ते आले नाहीत. त्या शेवटच्या सुराला मला फक्त तुम्ही हवे होतात, ऐकायला. हे मी मुलीला सांगितलेलं नाही, ह्यांच्या फोटोसमोर मनातसुद्धा बोललेले नाही. आणि तुम्ही असतात, तर तुम्हालाही हे लिहिलेलं दाखवायची माझी हिंमत झाली नसती.