माप न सांगता शिवायला टाकलेली पाटी

ती. ताईंना,

शिवणयंत्रावर बसून बसून आधीच वाकलेल्या मेहुण्याचा आणखी थोडा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरत जा, उगाच हिंमत दाखवू नका. माझी तब्येत उत्तम. (दाढ दुखते, चष्म्याचा नंबर वाढलाय, जेवण जात नाही, बाकी उत्तम.) पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. म्हणजे उरलेले सगळे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि त्या "हं"पुढे माझी बोबडी वळते. कागदावर मधेच "हं" म्हणता येत नाही, एवढाच मला धीर.

तर दुकानावरच्या पाटीची हकिगत. ती तुम्हाला आठवत असेलच. पत्र्यावरची ती कात्री तुमच्या धाकट्या बहिणीने डगमगत्या स्टुलावर उभं राहून रंगवली होती. एक कडी मोठी, एक कडी छोटी, कारण दुसऱ्या कडीपर्यंत पोचेस्तोवर पत्राच संपला. एवढ्या कडीत बोट तरी जाईल का, म्हणून मी हसलो, तर बाईंनी दोन दिवस अबोला धरला. ती गेल्यावर रंगाचे पोपडे निघायला लागले, मला बघवेना, म्हणून मी पाटी एका रंगाऱ्याकडे नेली आणि म्हटलं, नवी करून दे. त्याने दिली की हो नवी करून! घासून, खरवडून, लख्ख कोरा पत्रा माझ्या हातात ठेवला आणि वर विचारतो, आता यावर काय काढू? मी तिथेच त्याच्या पायरीवर बसकण मारली. त्या भल्या माणसाला बोल तरी कसा लावणार? कात्री राहू दे, असं मी सांगितलंच नव्हतं. (फोटो म्हणाल, तर दुकानासमोरचे चाळीसेक आहेत. सगळ्यांत माणसं पायापर्यंत आहेत आणि पाटी वरून कापलेली. सगळे मीच काढलेत.)

मग लेक म्हणाली, बाबा, असे बसू नका, आपण इंटरनेटवर स्पर्धा लावू. म्हणजे काय हवं ते आपण लिहायचं, बक्षीस ठेवायचं, कुठले कुठले डिझायनर चित्रं पाठवतात, आपण त्यांना तारे द्यायचे, सूचना करायच्या आणि आठव्या दिवशी एक निवडायचं. मी तासभर डोकं खाजवून लिहिलं, "शिंप्याच्या दुकानासाठी कात्री हवी. साधी, पण उठून दिसणारी. जुनी वाटावी, पण नवी असावी. बाकी तुमच्यावर सोडतो." शेवटचं वाक्य म्हणजे माझा मोठेपणा, असं मला वाटलं होतं. तीन दिवसांत एकशे बारा कात्र्या येऊन थडकल्या. एक पक्ष्यासारखी उडणारी, एक माशासारखी पोहणारी, एक इतकी भीषण की गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडूनच पळेल, आणि एक अशी, की लोक आत येऊन मान पुढे करतील आणि केस बारीक कापा म्हणतील.

आता दारात आलेल्याला तोंडावर नावं ठेवायची आपल्याला सवय नाही. मी सगळ्यांना पाच-पाच तारे देऊन टाकले आणि प्रत्येकाला "छान!" लिहिलं. परिणाम असा, की प्रत्येकाला वाटलं आपणच जिंकलो. मासेवाल्याने तर आणखी अकरा मासे पाठवले! मी घाबरून सगळ्यांना एकेका ताऱ्यावर आणलं. मग काय, नुसता गदारोळ. मासेवाल्याने विचारलं, काका, काल पाच होते, आज एक, माशाचं चुकलं काय? माशाचं काहीच चुकलं नव्हतं हो. लेकीने मात्र माझी चांगली हजेरी घेतली. ती माणसं कामधंदा सोडून तुमच्यासाठी बसलीत, म्हणाली, आवडलं नाही तर नाही म्हणा, पण का ते तरी सांगा.

आणि ताई, मला एकदम ते गिऱ्हाईक आठवलं, जे टेबलावर कापड टाकून म्हणतं, शिवा काहीतरी चांगलंसं. मी त्याला मनात शिव्या घालायचो. ही मात्र त्याला स्टुलावर बसवायची, पाणी द्यायची आणि शांतपणे विचारत जायची, कुठे घालणार, हात वर करावा लागतो का, आधीच्या कपड्यात काय टोचत होतं. शेवटी त्याला काय हवंय ते त्यालाही कळायचं. चाळीस वर्षं माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावली नाही, आणि इथे साठ-सत्तर माणसांना माप न देता शिवायला बसवलं.

त्यांतल्या एका पोरीने सातव्या दिवशी लिहिलं, "काका, तुमच्या डोळ्यांसमोर एक कात्री आहे आणि ती तुम्ही आम्हाला दाखवत नाही आहात." मी रडलो, ताई. चष्मा काढून, दुकानाचं दार अर्धं लोटून रडलो. मग तिला सगळं लिहिलं, स्टूल, पत्रा, छोटी कडी, अबोला. तिने दुसऱ्या दिवशी पाठवली. फार मन लावून काढली होती, छोटी कडीसुद्धा होती. पण ती मुद्दाम छोटी केलेली कडी होती. तसं मी तिला खरंखरं कळवलं, तारे-बिरे न लावता. तिला राग आला नाही. ती म्हणाली, त्यांच्या हातची एखादी रेघ तरी मिळेल का?

असो. गुडघ्याला जपा.

तुमचा,
शिंपी मेहुणा

ता. क. मापाच्या वह्या तुमच्याकडे आहेत. कपडा शिवून झाला की ही त्या मापापुढे एक छोटी कात्री काढायची, आठवतं? स्पर्धेची मुदत मी आठ दिवस वाढवून घेतली आहे. एक वही पाठवाल का?

ता. क. दोन. ती गेल्यावर तुम्ही वह्यांचं विचारलंत, तेव्हा रद्दी आहे, घेऊन जा, असं मी म्हणालो. तेव्हापासूनच तुमचं "हं" सुरू झालं, हे मला कळतं. रद्दी नव्हती हो. मला तिच्या अक्षराकडे बघवत नव्हतं.

ता. क. तीन. जमलं तर शेवटचीच वही पाठवा. तिच्यातल्या शेवटच्या मापापुढे कात्री नाही. ते तुमच्या करड्या कोटाचं माप आहे. कापड अजून फळीवर घडी करून ठेवलंय. वही आली की कोट शिवून वहीसकट पाठवतो. त्या मापापुढची कात्री मात्र तुम्हीच काढा.