खालच्या फलाटावरची ती

४ मार्च
नोकरी लागली! मेट्रो स्टेशनच्या पोटात, कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर पडदे, खाली गरागरा फिरणारी खुर्ची. ऊन नाही, वारा नाही, पण एसी छान आहे. साहेबांनी एकच नियम बजावला: चार्ज देताना समोरच्याचा चेहरा बघायचा, मगच किल्ल्या, कार्ड आणि वॉकीटॉकी हातात ठेवायची. ह्यांचं चष्म्यांचं दुकान वरच, स्टेशनच्या दाराशी. दुपारच्या सुट्टीत ते जेवायला खाली फलाटावर येणार. नणंदबाई म्हणाल्या, आता दादा चोवीस तास वहिनीच्या नजरकैदेत. त्यांच्या तोंडात साखर पडो! मी संशयी आहे हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

९ मार्च
दुपारी हे पडद्यावर दिसले. फलाटाच्या टोकाच्या बाकावर, एका बाईशी बोलत होते. बाई आमच्याच गणवेशातली, कॅमेऱ्याकडे पाठ. हे पोट धरून हसत होते. माझ्यासमोर शेवटचे असे कधी हसले, आठवत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्या टोकाला दुपारी कुणाचीच ड्यूटी नसते.

१३ मार्च
शेवटी घरी विषय काढलाच. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अगं, तुझ्याशीच तर बोलत होतो, रोज तूच तर खाली येतेस. आणि खाली तू किती छान असतेस, घरी आल्यावर मात्र... पुढचं गिळलं. मी खुर्ची सोडून कधीच खाली गेलेली नाही. हे सांगितलं तर हसण्यावारी नेलं.

१६ मार्च
तिचा अंबाडा माझ्यासारखाच उजवीकडे ओघळतो. ह्यांनी संत्रं सोललं, एकेक फोड तिला दिली. मला लग्नापासून कधी साल काढून दिलेलं नाही! तिनं ह्यांची कॉलर नीट केली. स्वतःच्याच पाठीवर जळणारी बाई जगात मी एकटीच असेन. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

१९ मार्च
चुकलं माझं. आज तिनं ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी ताडकन उठले. तेवढ्यात मागचं दार उघडलं. बदलीवाली आली असणार. पडद्यावरची नजर न हलवता किल्ल्या, कार्ड, वॉकीटॉकी मागे धरली. कुणीतरी घेतली. हात गार होता. मी धावत खाली आले.
बाकावर कुणीच नाही. वर कॅमेरा हळूच माझ्याकडे वळला.

१९, संध्याकाळ
कार्ड नाही, गेट उघडत नाही. साहेब अंगावरून गेले. हाक मारली. ऐकूच आली नाही — माणसं मी बसलेल्या जागेवर बसतात —

२०
हे आले नाहीत. ती माझ्या घरी आहे. माझ्या उशीवर —

२१
हे आले! थेट माझ्याकडे पाहिलं. ह्यांना मी दिसते! सगळं सांगितलं, रडले, पाया पडले. शांतपणे ऐकून घेतलं. मग गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगावं तसं हळू आवाजात म्हणाले की त्यांना माहीत आहे. ती मी नाही, हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ‘कुठं होतात?’ म्हणून ती विचारत नाही. खिसे तपासत नाही.
आता विचारणार नाही म्हटलं — कधीच नाही —
ती आली. ह्यांनी तिला विचारलं, निघायचं का. ती हो म्हणाली. माझ्याच आवाजात. पण इतक्या गोड आवाजात मी ह्यांना कधी हो म्हटलं होतं का —