बाई उजवीकडे का गाते

ती. मामांना भाच्याचा नमस्कार.

(वडिलांना तीर्थरूप लिहितात आणि इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे मी शब्दकोशात पाहून घेतलं. पण दोन्हींचं लघुरूप ‘ती.’च होतं, म्हणून तेच लिहिलं. चुकायला जागाच नको.)

मामीचा गुडघा कसा आहे आणि तुमच्या श्रवणयंत्राची शिट्टी थांबली का, हे सविस्तर कळवा. आई ठीक, मी ठीक, बाबांचं पुढे येईलच. मागच्या पत्रात तुम्ही दिलेल्या स्टिरिओला मी ‘तिरका’ म्हणालो होतो. ते शब्द मागे घेण्यासाठी हे पत्र. सेट ठणठणीत आहे.

तक्रार तुम्हाला आठवत असेल. दोन्ही स्पीकरमधून आवाज सारखा आला, तर गाणारी बाई दोन्हींच्या बरोबर मध्ये, रिकाम्या भिंतीत उभी आहे असं वाटायला हवं. आमची बाई उजव्या स्पीकरच्या मांडीवर जाऊन बसली होती. तुम्ही जाणताच, मी फोटोंना चौकटी करणारा माणूस. मध्य दोन सूत जरी हुकला तरी मला जेवण जात नाही. मी टेप लावून माझ्या नाकापासून दोन्ही स्पीकरचं अंतर मोजलं (टेपचं दुसरं टोक आईने धरलं, कुरकुरत). सारखं भरलं. डावीकडचं कपाट हलवलं, उजवीकडचा पडदा काढला, बाई हलली नाही. मग दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली, तर ती उडी मारून डावीकडे गेली. म्हणजे खोली निर्दोष, स्पीकर निर्दोष, दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात. आई म्हणाली, “गातेय ना ती? मग कुठे का उभी राहून गाईना!” बाबा मात्र त्या संध्याकाळी दोन गाण्यांतच उठून गेले. आज काही मजा नाही, म्हणाले. मला वाटलं, दुकानात दिवसभर भिंग लावून घड्याळं उघडल्याने डोकं दुखत असेल. मी वायरी पूर्ववत केल्या.

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, डावा-उजवा आवाज कमीजास्त करायचं बॅलन्सचं बटण पाहिलंस का? पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यावरची पांढरी रेघ बरोबर बाराच्या ठिकाणी, ओळंब्यात. चौकटवाल्याला रेघ सरळ दिसली की तो पुढे जातो. (हीच माझी चूक.) रविवारी धूळ पुसताना ते बटण फिरलं, आणि रेघ दहाच्या ठिकाणी आली तेव्हा बोटाला ‘टक्’ असं लागलं. मध्याची खाच तिथे होती! मी बटण निरखून पाहिलं. कडेला मोहरीएवढा स्क्रू. सेटच्या बाकी सगळ्या स्क्रूंच्या खाचांत धूळ, याची खाच मात्र लखलखीत. कोणीतरी बटण उपसून आतला दांडा उजवीकडे वळवला होता आणि बटण परत सरळ बसवलं होतं. एवढ्याशा स्क्रूला लागेल असं हत्यार आमच्या घरी एकाच माणसाकडे आहे.

 नेलकटरच्या टोकाने कसंबसं बटण नीट बसवलं. बाई मध्ये आली, इतकी मध्ये, की भिंतीला हात लावून पाहावासा वाटला. दुसऱ्या दिवशी बाई परत उजवीकडे, आणि रेघ सरळ. मग हे रोजचंच झालं: मी बटण नीट करायचं आणि ते परत फिरायचं.

बाबा असं का करतील, या कोड्याने मला भंडावून सोडलं. अखेर डबा द्यायच्या निमित्ताने मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. बाबांनी दुरुस्त झालेलं घड्याळ उचललं आणि डाव्या कानाला लावलं. मामा, तीस वर्षं ते घड्याळ उजव्या कानाला लावत आले आहेत! उजवीकडून एका गिऱ्हाइकाने विचारलं, “काच बदलायला किती दिवस?” बाबा हसून म्हणाले, “हो, आहे ना.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिघाड त्यांनी केलाच नव्हता. त्यांच्या कानांपुरती त्यांनी बाई बरोबर मध्ये आणली होती, आणि मी रोज तिला हलवत होतो. आईला हे महिनाभर ठाऊक आहे. तिने कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर बाबा म्हणतात, “घड्याळजी बहिरा झाला हे बाजारभर सांगून ये!” वेळेवर दाखवलं तर कदाचित कान वाचेल, आणि हे दिवस ढकलताहेत.

तर सेट निर्दोष आहे, एवढंच कळवायचं होतं. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : एवढंच कळवायचं होतं, हे खरं नाही. येत्या रविवारी तुम्ही या. श्रवणयंत्र घालूनच या (बाबा तुम्हाला ‘बटणवाले मेव्हणे’ म्हणतील, रागावू नका) आणि शिट्टी थांबत नाही म्हणून ते त्यांच्या हातात द्या. दुरुस्तीला आलेली वस्तू ते परत पाठवत नाहीत, आणि दुरुस्त केलेली वस्तू स्वतःच्या कानाला लावून पाहिल्याशिवाय देत नाहीत. डाव्या कानाला लावतील. तुम्ही म्हणा, हे उजव्याचं आहे. पुढे आपण दोघांनीही काही बोलायचं नाही.

ता. क. दुसरा : बटण मी बाबांनी ठेवलं होतं तसं परत बसवलं आहे. माझी खुर्ची एक वीत चार बोटं डावीकडे सरकवली. तिथून बाई जवळजवळ मध्ये येते. (‘जवळजवळ’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. शुद्ध आहे, पाहून घेतला.)