पाडव्याच्या पंगतीत

आई,

परवा पाडवा झाला. तुला जाऊन सव्वीस वर्षं होतील, पण तुझ्यासाठी कागद घेऊन बसलोय तो आजच. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. जेठात, झाशीच्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत, मला अर्धांगवायूचा झटका आला. तुझी डावी बाजू गेली होती, माझी उजवी. आता पुष्कळ बरा आहे. काठी घेऊन चालतो, जीभ वळते, पेन धरता येतं. सकाळी तुझी सून मला छावणीतल्या रस्त्यावर फिरायला नेते. तिथं वर्दळ नसते. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. ती म्हणते, "अंकलजी, मुट्ठी और कसो," की माझ्याबरोबर तुझी सूनही नकळत स्वतःची मूठ आवळते.

तुला तो जुना पाडवा आठवत असेल. तुझ्या आजारपणाला वर्ष झालं होतं, माझ्या लग्नाला सहा महिने. मी नोकरीत नवा, आणि माझे साहेब गुरसरायहून आपल्याकडे जेवायला आलेले. तू नेहमीसारखी माझ्या शेजारच्या पाटावर बसलीस. दोन घास झाले असतील, तुझ्या तोंडातून कढी ओघळली. साहेबांनी मान दुसरीकडे वळवली, आणि मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो, "आई, तू आत जेवतेस का? निवांत जेवशील." निवांत! किती हुशारीनं शोधला होता मी तो शब्द. तू भिंतीचा आधार घेत उठलीस आणि स्वयंपाकघरात गेलीस. तुझी सून वाढत होती. तिनं पुऱ्यांची परात माझ्या हातात दिली, "आता तुम्ही वाढा," म्हणाली, आणि स्वतःचं पान घेऊन आत तुझ्याजवळ जाऊन बसली. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. संध्याकाळी तू मात्र शब्द जुळवत जुळवत मला विचारलंस, "साहेब... पोटभर जेवले ना रे?" त्यापेक्षा रागावली असतीस तर मला सोसलं असतं.

यंदा सगळे आले होते. मुलगा आणि सून बेंगळुरूहून, ताई ग्वाल्हेरहून. बाहेर सगळी गल्ली गोवर्धन पूजेत, आणि आपल्या घरात श्रीखंड-पुरी. पानं मांडली तेव्हा मी म्हणालो, मला भूक नाही, नंतर जेवेन. खरं म्हणजे भूक सपाटून लागली होती. पण ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून अजून ओघळतं, आणि नव्या सुनेसमोर ते नको वाटत होतं. मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र घसरतो. म्हणाला, "बाबा, हम सब रुके हैं. तुम्ही या, मग सुरू करू." आतून तुझी सून ओरडली, "त्यांचं पान वाढलंय म्हणावं!"

बसलो. ओघळायचं ते ओघळलंच. ताई म्हणाली, "हनुवटीला लागलंय रे," आणि तिच्या गुडघ्यांची कहाणी पुढे सुरू. मी पुसलं. कुणी नजर चोरली नाही. माझा एक घास होईस्तोवर त्यांचे चार होत होते. त्यांची जेवणं आटोपली तरी मुलगा आणखी एक पुरी मागतो, मग आणखी अर्धी. एरवी तो भाकरीचे तुकडे मोजून खाणारा. नवी सून पुन्हा कढी घेते. ताईची कहाणी दुसऱ्या गुडघ्यावर येते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, माझं होईपर्यंत यांतलं कुणी उठणार नाही. डोळे भरून आले. ठसका लागला असं दाखवलं, तर चौघांनी एकदम पाण्याचे पेले पुढे केले.

घास गिळता येणं, तो आपल्या माणसांत बसून गिळता येणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतंय. तुला तेव्हाच कळलं होतं, आणि मी तुला आत पाठवलं. चुकलो, आई.

परवा संध्याकाळी तुझ्या सुनेनं मला ओवाळलं. या पाच महिन्यांत तिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, माझी चिडचिड ऐकून घेतली. त्या जुन्या पाडव्याला ती तुझ्याजवळ बसली, त्याबद्दलही मी तिला कधी काही म्हटलेलं नाही. या वेळी म्हणायचंच, असं ठरवलं होतं. तबक समोर आलं, मी तोंड उघडलं. ती थांबली. "काय म्हणताय?" मी म्हणालो, "निरांजन जरा लांब धर."

आता ऊन कलतंय. ती शेजारच्या खोलीत मटार सोलत बसली आहे. हे सगळं तिला सांगायचं, ते तुला लिहितोय; तुला पोचणार नाही म्हणूनच बहुधा लिहिता येतंय. मघाशी तिनं तिथूनच विचारलं, "एवढं काय लिहिताय हो दुपारपासून?"

"काही नाही," म्हटलं, "हाताचा व्यायाम."