गाणं कोणाचं

धम्मा,

तुझ्या डेट्रॉइटच्या स्टुडिओत त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कृष्णवर्णीयांचं 'सोल' संगीत गाणाऱ्या गायिकेने केलेला अल्बम घरी आला. शेवटचं गाणं आपल्या आईने रचलेलं. कव्हरवर मात्र रचनाकाराच्या जागी इंग्रजीत 'पारंपरिक' छापलंय.

मी बाईंना फोन केला. म्हणाल्या, "मी विचारलं होतं. तुझा भाऊ म्हणाला, गावाकडचं जुनं गाणं आहे, कोणाचंच नाही."

आडनाव छापलं तर तुझ्या मराठी मंडळात जात कळेल, एवढंच ना? अरे, त्या बाई जन्मभर स्वतःच्या काळ्या माणसांची दुःखं गात आल्या. त्यांच्यापासूनही लपवलंस?

आईला इंग्रजी येत नाही. "माझं नाव कुठंय?" तिने विचारलं. मी त्याच 'पारंपरिक' शब्दावर बोट ठेवलं. ती अजून त्यावरून हात फिरवतेय.

हे पत्र पाठवत नाही. तू माफी मागशील, आणि तिला कळेल.

गिरजाबाईची लेक,
उपासना