अण्णांच्या पितांबराची विल्हेवाट

मी, मथुराबाई दामोदर फाटक, वय ४९, शिक्षिका, राहणार डोंबिवली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी हृदय कमजोर ठरवले आहे. डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणारे माझे दीर अण्णा बाहेर येरझारा घालीत आहेत.

१. यजमानांच्या वाटणीच्या दोन खोल्या गेल्या सालच्या नव्या कायद्याने माझ्या पूर्ण मालकीच्या झाल्या. त्या मी अण्णांची मुलगी चि. चित्रा हिला देते. अण्णांनी तिथे ठेवलेली तांदळाची पोती त्यांनी उचलावीत.

२. शिवणाचे मशीन जाऊबाईंना. त्या मला कधी वाईट बोलल्या नाहीत. माझ्या बाजूनेही कधी बोलल्या नाहीत, याचा राग मला अजून आहे.

३. केशरी पितांबर. सन १९४७ च्या जूनमध्ये कल्याणच्या एका कन्याशाळेत माझी मुलाखत होती. मी निळे, नारळी काठाचे पातळ नेसायचे ठरवले होते. अण्णा म्हणाले, "विधवा बाईने काठापदराचं नेसून चार पुरुषांपुढे बसायचं नाही." आणि माझ्या ट्रंकेला कुलूप घातले. अंगावरच्या विटक्या लुगड्याला तीन ठिगळे होती. अण्णांनी सगळे बंद केले, पण दांडीवर वाळणारे पूजेचे पितांबर तसेच ठेवले. मी केस न काढलेली विधवा, मी सोवळ्याला शिवेन हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. मी काठीने ते खाली ओढले आणि गोल नेसले. पदर जेमतेम खांद्यावर पोचला. पाय झाकले गेले एवढे बरे.

कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, कपाळ मोकळं आणि अंगावर रेशीम?"

मी म्हटले, "रेशीम दिरांचं आहे. शिकवणार मी आहे."

नोकरी मिळाली. अण्णांनी बाटलेले पितांबर अंगणात भिरकावले, मी ते उचलून घडी करून ठेवले. तेव्हा चोरीचा आळ कोणी घेऊ नये.

४. येत्या सोमवारी चित्राची ठाण्याच्या एका कचेरीत टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखत आहे. काल अण्णांनी तिच्याही ट्रंकेला कुलूप घातले. पोर रडत माझ्याकडे आली, "काकू, मी आता काय नेसू गं?" मला दहा वर्षांचा संताप एकदम आला. म्हणून पितांबर मी मरेपर्यंत न थांबता आजच तिला दिले आहे. तेच नेसावे असा माझा हट्ट नाही. काय नेसायचे ते तिचे तिने ठरवावे, आणि त्यासाठी ट्रंक उघडी हवी. सोमवारी सकाळी सातपर्यंत कुलूप निघाले नाही, तर खोल्या जिवंतपणीच तिच्या नावे करून आम्ही दोघी तिथे वेगळी चूल मांडू.

५. अण्णांना मी काहीही ठेवलेले नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळत नाही तो चांगला साक्षीदार. म्हणून त्यांनाच आत बोलावले आहे.

डोंबिवली, शनिवार, ता. ८ जून १९५७
सही: मथुराबाई दामोदर फाटक

साक्षीदार:
१. ज्युलियाना परेरा, सहशिक्षिका, राहणार ठाणे. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. पुरुषोत्तम फाटक (अण्णा). सर्व वाचले. किल्ली चित्राला दिली. पितांबर अस्सल येवल्याचे आहे, त्याला टाचण्या टोचू नयेत.