मंजूर नावे

५ एप्रिल १९५४
दौंडहून छोट्या गाडीने बारामतीला उतरले तेव्हा अंगावर कोळशाची एवढी भुकटी होती, की न्यायला आलेल्या अप्पांनी मला आधी स्टेशनच्या नळाकडे धाडलं. तिथून टांग्याने इंदापूर रस्त्याला, कालव्याकाठच्या बालगृहात. अप्पा निवृत्त मास्तर. इंदापूरकडच्या पोरक्या मुलांसाठी ते स्वतःच्या जमिनीवर हे घर चालवतात. मुलं चोवीस. महिनाभर राहून, हे घर नव्या कायद्याला धरून चाललंय की नाही, ते मला सरकारला कळवायचं आहे. नाही म्हटलं तर मुलं पांगणार, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. सरकार म्हणजे अठ्ठावीस वर्षांची बाई असेल असं अप्पांना वाटलं नव्हतं. टांग्यात ते सारखे अंग चोरून बसत होते. मला मोठी गंमत वाटली.

६ एप्रिल
चुका काढणं हाच माझा धंदा, पण इथे हाती काही लागेना. पांघरुणं धुतलेली, पाणी गाळलेलं, मुलांची वजनं चांगली. स्वयंपाक भागूबाई करते, मुलांचं आजारपणही तीच काढते. तिच्या हातची कांद्याची पात खाऊन मी अर्धी विरघळलेच होते. मग मुलांची यादी मागितली आणि डोकं तडकलं. दगडू. धोंडी. केरबा. आणि पाच वर्षांची एक पोर, नकोशी! ही काय मुलांची नावं झाली? दिवसभर ती नकोशी माझ्या पदराचं टोक धरून मागे मागे फिरत होती.

८ एप्रिल
चौघांनाही नवी नावं सुचवून कागद पुण्याच्या कचेरीला धाडला. दगडूचा सुधाकर, धोंडीची शरयू, केरबाचा किशोर आणि नकोशीची मंदाकिनी. अप्पांनी खाली सही करून दिली. संस्थेची मान्यता माझ्या हातात आहे ना. भागूबाई मात्र माझ्या मागेच लागली. म्हणाली, "बाई, ह्या नावांनी जगल्यात ती. आदली पोरं दगावली की पुढच्याला दगड म्हनायचं, केर म्हनायचं. न्ह्यायला येनारं येतं, नाव ऐकतं, म्हनतं केर न्हिऊन काय करू? अन् माघारी जातं." मी तिला म्हटलं, न्यायला येतो तो देवी नाहीतर हगवणीचा आजार, आणि त्याला नावगाव काही कळत नाही. ती तोंडाला पदर लावून निघून गेली.

१४ एप्रिल
मंजुरी आली. सही, शिक्का आणि सूचना: रोज दोनदा नव्या नावांनी हजेरी घ्यावी, जुनी नावं वापरू नयेत. मी ओसरीत उभी राहून, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा हजेरी घेतली. मंदाकिनीने "हजर" म्हणताना दोन्ही हात वर केले. मग दिवसभर मला नावाने हाक मारायला लावली. मंदाकिनी सगळ्यांना हवी असते का, असं विचारत होती. मी म्हटलं, सगळ्यांना.

१६ एप्रिल
दुपारी जेवणं होऊन मुलं पडली होती. सुधाकर एकदम उठून बसला आणि म्हणाला, "हजर." कुणी हाक मारलीच नव्हती. आम्ही पोट धरून हसलो.

१८ एप्रिल
सुधाकर गेला. दीड दिवसाचा ताप. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. मृत्यूच्या फॉर्मवर रकाना होता: मंजूर नाव. मी भरला. भागूबाई त्याला शेवटपर्यंत दगडू, दगडू म्हणून हाका मारत होती.

२१ एप्रिल
पुन्हा दुपारी. या वेळी मी ऐकलं. ओसरीतून कुणीतरी म्हटलं, "शरयू." आवाज माझा होता. शेवटी जरा वर चढणारा, हजेरीतला माझाच आवाज. मी आत होते, तोंड मिटून. शरयूने झोपेतच "हजर" म्हटलं. ओसरी रिकामी. ऊन नुसतं.

२२ एप्रिल
शरयूही गेली.
पुण्याला तार केली, नावं परत बदलू द्या. उलट तार आली: मंजूर यादीत बदल नाही, खुलासा पाठवा. खुलासा! मी हजेरी बंद केली, घरात जुनी नावं परत सुरू केली. केरबाला सांगितलं, किशोर म्हणून कुणीही हाक मारली, अगदी मी मारली, तरी ओ द्यायची नाही. त्याने मान हलवली. ती मात्र ऐकेना. नकोशी म्हटलं की कान झाकून घेते.

२३ एप्रिल
भागूबाईने आज सांगितलं. नकोशीच्या आधी चार भावंडं गेलेली. "आईनं लई मायेनं ठिवलंय ते नाव. नको म्हनली म्हनून तर ही राहिली." आणि मी त्यावर रेघ मारली. पोरीला समजावलं, आईला तू हवी होतीस म्हणून तुला नकोशी म्हटलं. पाच वर्षांच्या जिवाला हे कसं कळावं? तिच्या लेखी नको म्हणजे नकोच. मीच तर शिकवलं तिला तसं. माझीच लाज वाटते मला.

२४ एप्रिल
बारा वाजता. "किशोर." तीनदा. केरबा दात आवळून पडून राहिला. मग गप्प झालं. केरबा वाचला. ओ दिली नाही की जातं ते, एवढं कळलं.
यादीत आता एकच उरलं.

२५ एप्रिल
साडेअकरा. दार लावलंय. तिचा हात माझ्या डाव्या हातात, उजव्याने लिहिते आहे, नाहीतर मीच तिला त्या नव्या नावाने हाक मारून बसेन.
तिला म्हटलं, तू नकोशी आहेस. कुणालाच नको आहेस. मलासुद्धा. हे तोंडाने म्हटलं मी. ती रडली नाही. नुसती बघत राहिली—

आलं. "मंदाकिनी."
दुसऱ्यांदा. किती मायेने म्हणतंय. मी कधी एवढ्या मायेने म्हटलं नव्हतं—
"ये गं. मला हवी आहेस तू." माझ्या आवाजात—
मी म्हटलं नकोशी. ओरडून. नकोशी, नकोशी. तिने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. बोटं सोडवते आहे एकेक—
देवा, हसली ती— दोन्ही हात वर—